आधी वही, मग संगणक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आत्ता माझं नाव पुकारलं तेव्हा "आमच्या वर्गातली सॉफ्टवेअर इंजिनिअर आता तंत्रज्ञानावर मार्गदर्शन करील" असं सांगितलं गेलं. लगेच मागच्या रांगेतून "थोडक्यात!" अशी सूचना आली. आवाज कुणाचा ते मी वळून न पाहताच ओळखलं. तीस वर्षांत केस गेले, आवाज तोच आहे. थोडक्यातच सांगते.

आपल्या वर्गाने शाळेसाठी साडेचार लाख रुपये जमवले आहेत. त्याचं काय करायचं यावर आपल्या ग्रुपवर तीन महिने चर्चा चालू आहे. बहुतेकांचं मत पडलं की एक डिजिटल वर्ग करावा: मोठा स्क्रीन, नवे संगणक, आणि दारावर आपल्या बॅचच्या नावाची पाटी. मला तर दोघातिघांनी फोन करून सांगितलं, "तू आहेसच, कोणते संगणक घ्यायचे ते तूच सांग." मी ग्रुपवर काहीच बोलले नाही. काहींना वाटलं, पुण्याला जाऊन हिला शिष्टपणा आला. तसं नाही. मला जे म्हणायचं होतं ते मोबाइलवर चार ओळींत लिहिण्यासारखं नव्हतं, कारण त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती आज सर-बाईंसमोर सांगते. इथे चूक कबूल करायची सवय आपल्याला आहेच, फक्त आज हात पुढे करावा लागणार नाही एवढीच आशा आहे.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच भागातली एक छोटी संस्था. नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती, त्यांची नव्हती. चौदा गावांत संध्याकाळच्या अभ्यासिका चालवायची. पाचवी ते दहावीच्या मुली यायच्या, गावातलीच एखादी बारावी झालेली सून किंवा मुलगी त्यांना शिकवायची. संस्थेत पगारी माणसं सहा. सगळ्या अभ्यासिकांवर देखरेख एका ताईंची. त्यांच्याकडे एक जाड वही असायची, लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारीला असते तशी. दर आठवड्याला एसटीने आणि जीपने गावं फिरायच्या आणि त्या वहीत लिहायच्या.

मी तेव्हा पुण्यात नोकरीत स्थिरावले होते. गावाकडे काहीतरी परत द्यावं असं फार वाटायचं. ती वही पाहिली आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. म्हटलं, अहो, हे सगळं संगणकावर करू! मी आणि ऑफिसमधले दोन सहकारी, आम्ही आठ महिने शनिवार-रविवार बसून एक प्रणाली तयार केली. एका देणगीदाराकडून संगणक आणि इन्व्हर्टर मिळवला. प्रत्येक गाव, प्रत्येक मुलगी, प्रत्येक दिवसाची हजेरी. हजेरी चांगली असेल तर गावाच्या नावापुढे हिरवा ठिपका, कमी असेल तर लाल. उद्घाटनाला नारळ फोडला. माझा सत्कार झाला, शाल मिळाली. ती शाल अजून कपाटात आहे.

पुढचं वर्षभर मी पुण्यात बसून ते हिरवे ठिपके पाहत होते आणि मनातून खूश होत होते.

वर्षाने गेले तेव्हा कळलं की दोन गावांतल्या अभ्यासिका चार महिन्यांपासून बंद होत्या. एका गावातल्या शिकवणाऱ्या मुलीचं लग्न होऊन ती सासरी गेली होती. दुसऱ्या गावात ज्या खोलीत वर्ग भरायचा ती मालकाने सोयाबीनची पोती ठेवायला घेतली होती. आणि माझ्या स्क्रीनवर दोन्ही गावं हिरवीगार होती.

असं कसं झालं? ताई दिवसभर फिरून वहीत लिहायच्या, आणि तेच सगळं संध्याकाळी पुन्हा संगणकात भरायचं असा आम्ही नियम केला होता. संध्याकाळी भारनियमन. इन्व्हर्टरची बॅटरी पहिल्या उन्हाळ्यातच बसली. मग काम साठत गेलं. हळूहळू त्यांनी वही लिहिणं सोडलं, कारण "संगणकावर आहेच ना." आणि संगणकात महिन्याच्या शेवटी, एका दुपारी, आठवेल तसं भरायला लागल्या. रकाना रिकामा सोडला तर माझी प्रणाली पुढे जाऊच द्यायची नाही. तो नियम मीच घातला होता, माहिती पूर्ण यावी म्हणून. त्यामुळे जे माहीत नव्हतं तिथे त्यांनी 'उपस्थित' भरलं.

मी त्यांना जरा चिडूनच विचारलं. त्या शांतपणे आत गेल्या, जुनी वही घेऊन आल्या आणि उघडून दाखवली. काही नावांभोवती लाल पेनाने गोल काढलेले होते. म्हणाल्या, "मॅडम, लेकरू सलग तीन दिस आलं नाही की मी गोल करायचे. अन् गोल केला की त्या घरी जाऊन यायचे. तुमच्या मशीनमधी गोल करायला जागाच नाही. अन् तुम्ही मला कवा विचारलंच नाही की मी वही कशी लिहिते म्हणून."

खरंच विचारलं नव्हतं. आठ महिन्यांत एकदाही नाही.

बंद पडलेल्या त्या दोन गावांपैकी एका गावात नववीतली एक मुलगी होती. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, ती आजीजवळ राहायची. अभ्यासिका बंद झाली, मग तिची शाळाही सुटली, आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. अभ्यासिका चालू असती तर ते टळलंच असतं असं मी म्हणू शकत नाही. पण जुनी पद्धत चालू असती तर तिच्या नावाभोवती गोल पडला असता आणि ताई तिच्या घरी गेल्या असत्या, एवढं नक्की. माझ्या स्क्रीनवर मात्र ती मुलगी लग्नाच्या आठवड्यातही 'उपस्थित' होती.

ही माझी चूक. आता यातून काय शिकले ते सांगते. कारण त्यानंतर मी असं काम सोडलं नाही, करण्याची रीत बदलली.

मला सगळ्यात आधी आठवला तो आपल्या बाईंचा हजेरीपट. 30 सप्टेंबर 1993. आपण आठवीत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, रात्री उशिरापर्यंत विसर्जन, आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप. सुमारे आठ हजार माणसं गेली. बावन्न गावं अशी उद्ध्वस्त झाली की ती पुढे दुसऱ्या जागी नव्याने वसवावी लागली. आपण लातूरकर कितीतरी दिवस रस्त्यावर, मैदानात झोपलो. शाळा पुन्हा सुरू झाली तरी मी आले नव्हते. आई मला घेऊन निलंगा तालुक्यात मावशीकडे गेली होती, आणि परतल्यावरही मला छताखाली बसायची भीती वाटायची. एके दिवशी दारात बाई उभ्या. हजेरीपट पिशवीत. म्हणाल्या, "नऊ दिवस झाले. उद्यापासून दाराजवळच्या बाकावर बस, पण ये." बाई, तुम्हाला हे आठवतही नसेल. तुम्ही त्या आठवड्यात अशा किती घरी गेला असाल कुणास ठाऊक. पण ताईंचा लाल गोल पाहिला तेव्हा मला तुमची ती पिशवी आठवली. नोंद कागदावर असो की संगणकात, ती पाहून कुणीतरी उठून जायला पाहिजे. तसं होत नसेल तर ती नोंद नुसती सजावट.

दुसरी गोष्टही त्याच भूकंपातली आहे आणि ती लातूरकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. जी गावं पूर्ण पडली त्यांची चर्चा खूप झाली. पण लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजाराहून जास्त गावं अशी होती की जिथे घरं उभी होती, पण भिंतींना तडे गेले होते. मावशीचं गाव त्यातलंच. आपली जुनी घरं म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर माळवद. उन्हाळ्यात गारवा, पण भिंत फुगली की मातीचं ते सगळं वजन अंगावर. सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून घरदुरुस्तीची मोठी योजना काढली. पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाला, आणि दुरुस्ती त्याने स्वतः करून घ्यायची. कल्पना चांगली, पण अडचण अशी की घरं लाखांच्या हिशोबात आणि इंजिनिअर मोजके. दारोदार जाऊन समजावणार कोण?

तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावातल्या महिला मंडळांना पुढे केलं. गावातल्याच बायकांना नेमलं आणि त्यांना नाव दिलं 'संवाद सहायक'. मावशीच्या गावात मी अशी एक बाई पाहिली आहे. डोक्यावर पदर, खांद्याला शबनम, त्यात योजनेचे कागद. तिला फार शाळा नव्हती. पण कुणाचा पहिला हप्ता आला, कुणाचा अडकला, कुणी पैसे घेऊन नुसताच गिलावा केला आणि भिंत तशीच ठेवली, हे सगळं तिला तोंडपाठ. भिंतीत आरपार जाणारे दगड का घालायचे, माळवदाची माती कमी का करायची, हे ती चुलीजवळ बसून मावशीला सांगत होती. इंजिनिअरसाहेब महिन्यातून एकदा यायचे. ही रोजच गावात होती.

इंजिनिअर झाल्यावर मला त्या योजनेचं मर्म कळलं. माणसं कमी होती म्हणून त्यांनी शहरातून आणखी माणसं आणली नाहीत. गावात जी आधीपासून होती आणि जिला कुणी मोजत नव्हतं, तिला काम दिलं, माहिती दिली आणि अधिकारही दिला. साधनं कमी असताना संस्था मोठी कशी होते याचं उत्तर मला तिथे दिसलं. दुरुस्तीचं काम संपलं तरी त्या बायका घरी बसल्या नाहीत. बचत गट झाले, शेतीची, आरोग्याची कामं सुरू झाली. 2001 मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा आपल्याकडच्या बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि अनुभव सांगायला गेल्या. 2016 मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. प्रेमाताई 2022 मध्ये गेल्या.

तिसरी गोष्ट नांदेडची. अभियांत्रिकीची चार वर्षं मी नांदेडला होते. मेसचं जेवण जमेनासं झालं की आम्ही मैत्रिणी सचखंड हुजूर साहिबला लंगरमध्ये जायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा जेवण झाल्यावर नुसतंच उठून यायला संकोच वाटला, म्हणून विचारलं, "आम्ही काही करू का?" एका आजीने न बोलता सरकून जागा केली आणि पुढ्यात लसणाचा ढीग ठेवला. ना अर्ज, ना ओळखपत्र, ना प्रशिक्षण. दोन मिनिटांत आम्ही कामाला लागलो. आपल्याकडच्या कितीतरी संस्थांमध्ये मदत करायला आलेल्या माणसाला "सांगतो, कळवतो" म्हणतात आणि तो परत जातो. याचं कारण काम लहान-लहान वाटे करून ठेवलेलं नसतं. लसूण सोलण्याइतकं स्पष्ट काम असलं की कुणीही हात लावू शकतं.

त्या छोट्या संस्थेत मग आम्ही काय केलं ते दोन वाक्यांत सांगते. माझी प्रणाली बंद केली आणि ताईंची वही परत सुरू केली. दर सोमवारी सहाही जणांनी वही मधे ठेवून फक्त लाल गोलांवर बोलायचं आणि त्या आठवड्यात कुठल्या घरी कोण जाणार ते ठरवायचं. दोन वर्षांनी सगळ्यांच्या हातात मोबाइल आले तेव्हा वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवायला लागले, आणि तेव्हा कुठे एक साधा तक्ता मी संगणकात केला, ताई शेजारी बसून सांगतील तसा. त्यात गोल करायला जागा आहे. आणि रकाना रिकामा ठेवता येतो. 'माहीत नाही' हेसुद्धा उत्तर असतं आणि बरेचदा तेच सगळ्यात उपयोगाचं असतं.

आता आपल्या साडेचार लाखांकडे येते.

दिवाळीत मी दोन दिवस शाळेत येऊन बसले. मुख्याध्यापक सरांची परवानगी घेतली होती. या वेळी आधी विचारायचं ठरवून आले होते. तीनच प्रश्न: रोज कोणतं काम अडतं? ते आज कोण करतं आणि कसं करतं? आणि त्यात त्यांचा किती वेळ जातो?

पहिलं उत्तर मला एका खोलीत नेऊन दाखवलं गेलं. आपल्या आधीच्या एका बॅचने दिलेले पाच संगणक तिथे आहेत, टॉवेलखाली झाकलेले. किरकोळ दुरुस्ती केली तर त्यातले तीन तरी चालतील. देणाऱ्यांची भावना खरी होती. पण चालवणारं, बिघडलं तर फोन करणारं माणूस त्या देणगीत नव्हतं.

दुसरं उत्तर जास्त लागलं. शाळेत लिपिकाचं एक पद रिकामं आहे. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. ती पास झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. चार वर्षांचे अठ्ठेचाळीस हजार. पण तो अर्ज दरवर्षी पोर्टलवर नव्याने भरावा लागतो. कधी आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नाही, कधी बँक खातं बंद पडलेलं असतं, कधी उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळत नाही. मुदत गेली की त्या वर्षाचे पैसे गेले. आपल्या शाळेत हे काम विज्ञानाच्या बाई करतात, तास संपल्यावर, स्वतःच्या मोबाइलवर. त्यांनी मला त्यांची वही दाखवली. त्यात दोन मुली अशा आहेत की परीक्षा पास झाल्या, एक वर्ष पैसे मिळाले आणि पुढचा अर्ज राहून गेला. एकीचे वडील हमाली करतात. बारा हजार म्हणजे त्या घरात काय, हे इथे बसलेल्या निम्म्या लोकांना मी समजावून सांगायची गरज नाही. आपणही त्याच घरांमधून आलो.

बाईंनी त्या दोन नावांभोवती गोल केला आहे. मी सांगितलं नव्हतं. त्यांच्या त्यांनीच केला आहे.

तर माझा प्रस्ताव असा. नवा डिजिटल वर्ग आत्ता नको. शाळेच्या परिसरातलीच एक पदवीधर मुलगी किंवा मुलगा अर्धवेळ मदतनीस म्हणून घेऊ. महिन्याला आठ हजार रुपये. तीन वर्षांचे होतात दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. काम तीनच: शिष्यवृत्तीचे अर्ज, ग्रंथालयाचं कपाट रोज एक तास उघडणं, आणि ते तीन संगणक चालू ठेवणं. उरलेले एक लाख बासष्ट हजार दुरुस्तीसाठी आणि पुस्तकांसाठी. या माणसाला काम शिकवायला, अडलं तर फोनवर सांगायला मी आहे. आणि महिन्यातून एकदा आपल्यातल्या दोघांनी बाईंच्या वहीतले गोल पाहायचे, पाळीपाळीने.

तुम्ही विचाराल, तीन वर्षांनी काय? बरोबर आहे, हा प्रश्न आधीच विचारायला हवा. ग्रुपवर आपण बावन्न जण आहोत. प्रत्येकी महिन्याला दोनशे रुपये म्हणजे दहा हजार चारशे. एकदम साडेचार लाख देणं आपल्याला जमलं. दर महिन्याला दोनशे देत राहणं जास्त अवघड आहे, हे मला माहीत आहे. पण संस्था त्या दोनशेवर उभी राहते.

याला दुसरी बाजूही आहे. पगारावर खर्च केलेला पैसा दिसत नाही. पाटी लावायला भिंत मिळत नाही. आपल्या मुलांना शाळेत आणून "हे आम्ही दिलं" असं दाखवता येत नाही. हेही खरं आहे की संगणक आल्यावर मुलांच्या डोळ्यांत जी चमक येते ती अर्ज भरल्याने येत नाही. आणि मी स्वतः संगणकावर पोट भरते, त्यामुळे संगणक नको असं मी कधीच म्हणणार नाही. मदतनीस वर्षभर टिकला, ते तीन संगणक रोज वापरात आले आणि सर म्हणाले की आता तीन पुरत नाहीत, तर चौथ्यासाठी पहिली पावती माझ्या नावाने फाडा.

कुणाला माझं म्हणणं पटलं नसेल तर जेवणाच्या वेळी जरूर भांडा. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी आहे, भांडायला ताकद मिळेल. पण भांडायच्या आधी एक करा. स्टाफरूममध्ये जा आणि विज्ञानाच्या बाईंना म्हणा, "बाई, ती वही जरा दाखवता का?"

"थोडक्यात" म्हणणाऱ्या मित्राची माफी मागते आणि थांबते.